‘तीन दिवस फ्रीझ करा’ ही चौकट मागे घ्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कुत्र्या-मांजरांना कच्चे मांस घालण्याविषयी लेख आला. त्याच्या शेजारी चौकट होती : मांस तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, जंतू मरतात, मग निर्धास्त घाला. लेखातल्या बाकीच्या मतांवर वाद घालता येईल. हे वाक्य मात्र सरळ चूक आहे, आणि कोकणातल्या हवेत ते महागात पडणारे आहे.

हा समज कुठून आला तेही सांगतो, कारण तो अगदीच हवेतला नाही. गोठवल्याने मांसातले काही परजीवी मरतात. टॉक्सोप्लाझ्माच्या गाठी उणे १२ अंशांच्या खाली काही दिवस राहिल्या की बहुतेक निकामी होतात, डुकराच्या मांसातल्या कृमींसाठीही गोठवण्याचे दिवस ठरलेले आहेत. परजीवींसाठीचा हा सल्ला कोणीतरी उचलून जंतूंना लावला. साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय हे जीवाणू घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते. कॅम्पिलोबॅक्टर काही प्रमाणात घटतो, संपत नाही. मांस वितळले की उरलेले पुन्हा कामाला लागतात. लिस्टेरियाला तर वितळण्याचीही फार वाट बघावी लागत नाही, तो साध्या फ्रीजच्या चार अंशांतही सावकाश वाढतो.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तिथल्या बाजारातली ३५ गोठवलेली कच्ची उत्पादने तपासली. २०१८ साली निष्कर्ष छापून आले : लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स १९ नमुन्यांत, साल्मोनेला ७ नमुन्यांत, ई. कोलाय ओ१५७ हा वाईट प्रकार ८ नमुन्यांत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात १९६ कच्ची उत्पादने तपासली, त्यात साल्मोनेला १५ आणि लिस्टेरिया ३२ नमुन्यांत निघाला. स्वच्छ कारखाना आणि अखंड शीतसाखळी असलेल्या देशांतले हे आकडे आहेत.

आता आपल्याकडे ‘कुत्र्याचं चिकन’ म्हणून जे मिळते ते बघा. कोंबडी कापली, ड्रममध्ये टाकली, पिसे काढायच्या यंत्रात फिरवली, पोट फाडून आतडी ओढली. इथेच आतडे फुटते, आणि आतडे हेच साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरचे घर. नंतर ती कोंबडी बाजूच्या बादलीत बुचकळायची. सकाळी आठला भरलेली ती बादली दहाच्या सुमाराला तपकिरी-लाल झालेली असते आणि वर पिसाचे कण तरंगत असतात. त्याच पाण्यातून पुढच्या वीसेक कोंबड्या जातात, म्हणजे एका कोंबडीचा जंतू वीस घरांत. गिऱ्हाइकाचे मांस पिशवीत भरून जाते. माना, पाय, मुंड्या, कातडी आणि छाटलेले तुकडे मात्र कोपऱ्यातल्या टोपात साठत राहतात आणि संध्याकाळी किलोच्या भावाने कुत्रेवाल्यांना दिले जातात. दुकानदाराला आम्ही फार दोष देत नाही. तो माल कोणीतरी शिजवूनच घालणार, असे त्याने गृहीत धरलेले असते.

त्या टोपाचे गणित करून पाहावे. हवा तीस अंश, मांस ओले, झाकण नाही. अशा स्थितीत जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. तासात एकाचे आठ, सहा तासांत अठरा वेळा दुप्पट म्हणजे अडीच लाखांच्या वर. प्रत्यक्षात वेग थोडा कमी-जास्त होईल, पण सुरुवात एका जंतूपासून होत नाही हेही लक्षात घ्या. त्यातून खिमा करून घेतला तर आणखी कठीण. अखंड तुकड्यात जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतपर्यंत कालवले जातात.

यावर ठरलेले उत्तर येते : कुत्र्याच्या पोटात आम्ल कडक असते, त्याला काही होत नाही. अर्धे खरे आहे. धडधाकट मोठा कुत्रा बहुधा आजारी पडत नाही. पण जंतू पोटात मरतात म्हणून नव्हे. चरबी आणि प्रथिनांनी भरलेल्या जेवणात आम्लाची धार बोथट होते आणि बरेच जंतू जिवंत पुढे सरकतात. कॅनडातल्या एका प्रयोगात १६ कुत्र्यांना साल्मोनेला असलेले कच्चे खाद्य एकदाच दिले. त्यातल्या ७ कुत्र्यांच्या विष्ठेतून पुढचे काही दिवस साल्मोनेला पडत होता आणि एकही कुत्रा आजारी दिसला नाही. आम्हाला काळजी वाटते ती याच सात कुत्र्यांची. जुलाब झालेल्या कुत्र्याला माणूस जपून हात लावतो. शेपूट हलवत तोंड चाटणाऱ्याला कोणी जपून लावत नाही.

सगळेच कुत्रे सुटतात असेही नाही. पिल्ले, म्हातारी जनावरे, स्टेरॉइड चालू असलेली जनावरे यांना रक्ताचे जुलाब आणि ताप येतो, कधी जंतू रक्तात उतरतात. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कच्चे चिकन, विशेषतः कोंबडीच्या माना खाणे, कॅम्पिलोबॅक्टर आणि कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडत जाणारा मज्जातंतूंचा एक आजार, यांचा संबंध दिसला. आपल्याकडे कुत्र्यासाठी सर्वांत स्वस्त मिळते ती मानच.

लकाकी आणि घट्ट विष्ठा हे कच्च्याचे फायदे म्हणून लेखात आले आहेत. त्वचेची लकाकी येते चरबीतून, विष्ठा कमी होते कारण मांस सहज पचते. शिजवलेल्या मांसातही दोन्ही होते.

घरात हे कसे पसरते, ते मोरीपाशी उभे राहून पाहिले की कळते. पिशवी सोडताना लाल पाणी ओट्यावर सांडते. मांस नळाखाली धरले की शिंतोडे हातभर लांब उडतात, शेजारी पालथे घातलेले पेले आणि कोथिंबिरीची जुडी त्यात येते. म्हणून कोंबडी नळाखाली धुऊ नये. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर टोपातल्या स्थिर पाण्यात हलक्या हाताने, आणि ते पाणी न शिंपडता ओतावे. विळीचे (मालवणीत आडाळो) पाते जिथे लाकडात रुतते त्या फटीत मांसाचा कीस अडकून राहतो. वरवर पाणी मारून त्याच विळीवर काकडी चिरली की काकडीला जंतू लागला. काकडी कोणी शिजवत नाही.

आणि गावातल्या घरात राहते कोण? मुलगा-सून मुंबईला, मागे सत्तरी ओलांडलेले आई-वडील, एखाद्याला मधुमेह, कोणाचे डायलिसिस. बाळंतपणाला आलेली लेक. लिस्टेरियाने गरोदर बाईला थोडा ताप येऊन जातो आणि गर्भ दगावू शकतो. जंतू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन महिनेही जाऊ शकतात, तेव्हा कुत्र्याची वाटी कोणाला आठवते? खळ्यात रांगणारे मूल, तिथेच कुत्र्याची विष्ठा, आणि जूनच्या पहिल्या सरीबरोबर ती वाहत कठडा नसलेल्या विहिरीकडे. जांभ्या दगडातून पाणी भरभर मुरते, गाळले फारसे जात नाही. रोज विष्ठा उचलून विहिरीपासून लांब पुरणे हे कच्चे मांस न घालणाऱ्यांनीही करावे.

हळद आणि कोकमाचे आगळ लावून तासभर ठेवले की मांस शुद्ध होते, असे आपल्याकडे अनेक घरांत मानतात. आगळाच्या आंबटपणाने पृष्ठभागावरचे थोडे जंतू दबतात, सांध्यात आणि कातडीच्या घडीत ते पोचत नाही. चवीला उत्तम, निर्जंतुक करायला निरुपयोगी. व्हिनेगरचेही तेच. परदेशात काही कारखाने बंद पाकिटावर प्रचंड दाब देऊन जंतू मारतात, समुद्रसपाटीच्या हवेच्या सुमारे सहा हजार पट. त्याने संख्या खूप घटते, पण तसला दाब आपल्या घरात फक्त जाहिरातीत असतो.

आता गणपतीचे दिवस येतील. चाकरमानी येताना कुत्राही आणतात आणि त्याच्यासाठी थर्माकोलच्या खोक्यात गोठवलेली पाकिटे. मुंबईहून कुडाळपर्यंत गाडीने एरवी दहा-अकरा तास, गर्दीत चौदाही होतात. खोके उघडताना पाकिटाच्या कडा मऊ आणि मधला भाग दगडासारखा असेल तर कडांचे तापमान चार अंशांच्या वर गेलेले असू शकते आणि किती वेळ गेलेले होते हे कोणाला सांगता येत नाही. गावच्या फ्रीझरमध्ये पुन्हा टाकले की ती चूक गोठून राहते, एवढेच. पूर्ण खोक्यात अजून बर्फाचे कण असतील तरच परत गोठवावे. नाहीतर लगेच शिजवावे.

विजेचे तर काय सांगावे! जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगड भागात कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. साधा पावसाळाही दिवसदिवस वीज नेतो. दार उघडले नाही तर गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास आणि खालचा फ्रीज ४ तास धरतो. वीज कधी गेली-आली हे कळत नसेल तर वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवा. नाणे तळाशी किंवा मध्ये रुतलेले दिसले तर मधल्या काळात बर्फ वितळला होता, ते मांस कच्चे वापरू नका. फ्रीजचे तापमान नियंत्रकाच्या आकड्यावरून ठरवू नये. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून बघा, सकाळी चारच्या वर असेल तर खटका वाढवा. वीजबिल वाचवायला अनेक घरांत तो एकवर असतो.

मांजरांकडे येतो, कारण इथे त्यांचे कच्चे खाणे म्हणजे मासळी. तारली, पेडवे या जातीच्या माशांत थायमिनेज नावाचे द्रव्य असते, ते जीवनसत्त्व बी-१ नष्ट करते. रोज कच्चे खाणारे मांजर काही आठवड्यांनी मान खाली घालून चालते, तोल जातो, बाहुल्या मोठ्या होतात, मग झटके. मासा शिजवला की थायमिनेज मोडते. किनाऱ्याच्या उबदार पाण्यातल्या माशांवर आणि कालवा-तिसऱ्यांत व्हिब्रिओ हा जंतू असतो, तोही शिजवल्याने मरतो. एका गोष्टीला मात्र शिजवणे हा उपाय नाही : बांगडा, तारली, कुपा उन्हात राहिले की जंतू त्यांच्या मांसात हिस्टामाइन नावाचे विषारी द्रव्य तयार करतात आणि ते ना शिजवून जाते ना गोठवून. म्हणून जी मासळी आपण टाकून देणार, ती मांजराला घालायची सवय सोडायला हवी. बाजारातून मासे बर्फात आणा, आणल्याबरोबर आतडी काढा.

मग घालायचे काय? शिजवून घालायचे. बोनलेस किंवा हाडे काढायला सोपे तुकडे इंचभराचे करावेत, पाणी खळखळल्यावर बारा ते पंधरा मिनिटे. सर्वांत जाड तुकडा मोडून पाहावा : आत गुलाबी नको, रस पाण्यासारखा स्वच्छ हवा. सुईचा थर्मामीटर मिळत असेल तर आतले तापमान ७५ अंश. कुकरात दोन-तीन शिट्ट्या आणि वाफ आपोआप जाऊ द्यावी. रस्सा टाकू नका, मांजराला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य पाण्यात उतरते, तो भातावर घाला. कांदा, लसूण, मालवणी मसाला नको. कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेली हाडे ठिसूळ होऊन टोचतात, काढून टाकावीत. कच्ची हाडे दात मोडतात.

नुसत्या मांस-भातात कॅल्शियम जवळपास नसते. अंड्याची कवचे दहा मिनिटे उकळून, वाळवून, मिक्सरला पीठ करून अर्धा किलो मांसाला अर्धा चमचा, एवढे मोठ्या कुत्र्याला चालते. पिल्लाचे, मांजराचे आणि मूत्रपिंडाच्या रोग्याचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. कवच न उकळता दळू नये, साल्मोनेला कवचावरही असतो.

शिजवले म्हणजे सुटलो, असेही नाही. क्लॉस्ट्रिडियम आणि बॅसिलस या जंतूंचे बीजाणू (त्यांची टणक, निद्रिस्त रूपे) उकळीतूनही वाचतात. सकाळी केलेला मांस-भात झाकून दुपारपर्यंत चुलीशेजारी कोमट राहिला की ते उगवतात, आणि भातातल्या बॅसिलसचे एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून परातीत पसरा, पंखा लावा, दोन तासांच्या आत डब्यात भरून फ्रीजला. उन्हाळ्यात, पारा ३२ च्या वर असताना एकच तास. तीन दिवसांत संपवा, जास्त असेल तर रोजच्या मापाच्या डब्यांत गोठवा. इथे जुन्या रीतीचे एक कौतुक करायला हवे. कुत्र्याचे वेगळे मडके, मागील दारची चूल, श्रावणात तर मांस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत नाही. कारण सोवळ्याओवळ्याचे असेल, पण जंतूंची वाट त्यानेच अडत होती.

हे सगळे वाचूनही काही जण कच्चेच घालणार, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी निदान घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले कोणी असताना घालू नये. कुत्रा थेरपीसाठी इस्पितळात किंवा वृद्धाश्रमात नेत असाल तर अजिबात नाही. मांस सकाळी पहिल्या कापणीचे, डोळ्यांदेखत कापलेले, बर्फात आणावे. वितळवणे फ्रीजच्या सर्वांत खालच्या फळीवर, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, रात्रभर. ओट्यावर कधीच नाही. अर्ध्या तासात खाल्ले नाही तर उचलून टाकावे. वाटी स्टीलची हवी, प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत जंतूंचा चिकट थर बसतो आणि साबणाने निघत नाही. आधी साबण-काथ्याने घासा, मग पाच टक्क्यांचे ब्लीच लिटरभर पाण्यात ४ मिलि घालून दहा मिनिटे भिजवा. हा क्रम उलटा चालत नाही, कारण मांसाचा अंश क्लोरीन खाऊन टाकतो. ग्रामपंचायतीची टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर ताजी असेल तर दहा लिटरला ६ ग्रॅम. उघडे पुडके दमट हवेत महिन्याभरात निकामी होते. ब्लीच संडास साफ करायच्या आम्लात मिसळू नका, विषारी वायू होतो. नंतर हात वीस सेकंद साबणाने, आणि त्या दिवशी कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका.

जनावराला रक्ताचे जुलाब, १०३ फॅरनहाइटच्या वर ताप किंवा दिवसभर उलट्या असतील तर घरातले उरलेले अँटिबायोटिक देऊ नका. साल्मोनेलात त्याने जंतू अंगात जास्त दिवस टिकू शकतो आणि औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. स्वित्झर्लंडमध्ये तपासलेल्या ५१ कच्च्या खाद्यांपैकी निम्म्याहून अधिक नमुन्यांत औषधांना न जुमानणारे जंतू सापडले होते. आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यातून दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर २०१९ मध्ये बंदी आली ती याच भीतीने. घरातल्या माणसाला जुलाब लागले तर डॉक्टरांना कुत्र्याचे खाणे आपणहून सांगा, ते विचारत नाहीत.

जाता जाता विषाणूचे एक : डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ बर्ड फ्लूने दगावले, आणि पुढच्याच महिन्यात तो रायगडच्या उरण तालुक्यातल्या कोंबड्यांत निघाला. मांजरे या विषाणूला फार लवकर बळी पडतात. कच्च्या कोंबडीचा हा धोका गोठवून जात नाही.

शेवटी कायद्याचे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन पाकिटांपैकी माणसाच्या चिकनला अन्न प्रशासनाचे नियम लागतात, कुत्र्याच्या कच्च्या खिम्याला ते लागत नाहीत, जरी दोन्ही एकाच मोरीत उघडली जातात. कच्चे पशुखाद्य विकणाऱ्यांना निदान कापल्याची तारीख, साठवणीचे तापमान आणि ‘शिजवून द्यावे’ ही सूचना पाकिटावर मराठीत छापायला लावावी. दुकानांतल्या त्या कोपऱ्यातल्या टोपाला बर्फ आणि झाकण हवे, ते नगरपरिषदा परवाना नूतनीकरणाच्या वेळी सांगू शकतात.

आपल्याकडून मागणी एवढीच : ‘तीन दिवस फ्रीझ करा’ ही चौकट मागे घेतल्याचे त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे. गणपतीच्या आधीच्या रविवारी छापले तर थर्माकोलची खोकी भरणाऱ्यांच्या नजरेला पडेल.

आपले,
काही पशुवैद्यक,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग